फीत होती की नव्हती

“फीत नव्हती, ब्रदर. देवाशपथ नव्हती.”

प्रयाग मावशी फरशीवर बसून हे म्हणत होत्या. डावा कान हाताने दाबलेला, बोटांच्या फटीतून रक्त. चहाची किटली आडवी झालेली, चहा खाटेखालून वाहत भिंतीपर्यंत गेलेला. दोन अटेंडंटनी मारोतीला खाटेवर दाबून धरलं होतं. सिस्टर कापूस घेऊन खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “मावशी, फीत आहे की. ती काय.”

सगळ्यांनी खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं. लाल फीत होती. नीट गाठ मारलेली.

ती गाठ मी मारली होती. त्याच्या मिनिटभर आधी.

एवढं लिहायला मला चार वर्षं लागली. आता बाकीचं सांगतो.

मी मानसिक रुग्णांच्या दवाखान्यात नर्स आहे. पुरुष नर्सला आमच्याकडे ब्रदर म्हणतात. नोकरीला पंचवीसच्या वर वर्षं झाली. हे घडलं तेव्हा नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात मी पुरुष वॉर्डाचा इनचार्ज होतो. वीस खाटा, एक लांब हॉल, खिडक्यांना जाळ्या.

आमच्या वॉर्डात मारामारीच चालते असं बाहेरच्या लोकांना वाटतं. तसं नाही. बहुतेक पेशंट कुणाला बोटही लावत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात, नाहीतर घरी कधी जायचं ते दिवसातून चाळीसदा विचारतात. पण कधीतरी एखादा मारतो. आणि मारणारा रागावलेला असतो असंही नाही. तो बहुधा भ्यालेला असतो. कानात आवाज येत असतात, कुणी आपल्याला संपवायला आलंय अशी खात्री झालेली असते. तुम्ही गोळी घेऊन जाता, त्याला दुसरंच काहीतरी दिसतं.

माझं उजव्या हाताचं एक बोट पुरतं वाकत नाही. दंडावर दातांची खूण आहे. हे सांगताना आम्ही लोक हसतो. मार खाणं नोकरीतच धरलेलं असतं. नवीन मुलगी पहिल्यांदा थप्पड खाऊन रडत बसली की जुनी सिस्टर म्हणते, “पहिलीच ना? मग पेढे दे, वॉर्डात नाव लागलं तुझं.” मुलगी डोळे पुसते आणि कामाला लागते. कुठं लिहिलं जात नाही.

फीत ही आमच्या वॉर्डाची जुनी पद्धत. माझ्या आधीच्या मेट्रनबाईंनी सुरू केलेली. ज्या पेशंटकडून मार बसण्याची भीती असेल त्याच्या खाटेच्या पायथ्याला लाल कापडाची पट्टी बांधायची. पट्टी दिसली की एकट्यानं जायचं नाही, पाठीमागून जायचं नाही, आणि हात लावायच्या आधी नावानं हाक मारायची. सलग सात दिवस शांत गेले की फीत सोडायची. सोडण्याचा अधिकार फक्त इनचार्जचा.

फाइलमध्येही तशी सूचना असते. पण फाइल इंग्रजीत. सिस्टर ती वाचतात. झाडूवाले, चहा देणाऱ्या मावशी यांना ती कोण वाचून दाखवणार? त्यांची फाइल म्हणजे फीत.

प्रयाग मावशींना अक्षरओळख नव्हती. मूळच्या नायगावकडच्या, नवरा गेल्यावर नांदेडला आलेल्या. वॉर्डात अकरा वर्षं झाली होती. जेवायला नाही म्हणणारा पेशंट आम्ही त्यांच्याकडेच द्यायचो. पंचविशीतल्या पोराला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला त्या एकच हाक मारायच्या, “बाबा.” फीत नसलेल्याच्या पाठीवरून हात फिरवूनच बोलायच्या. फीत असलेल्याकडे मात्र कधी एकट्या गेल्या नाहीत. मला टोमणा मारायच्या, “ब्रदर, तुमी शिकलेले लोक इसरता. आमाला इसरून कसं चालंल? आमाला तर येवढंच वाचता येतंय.”

मारोती भोकरकडच्या एका खेड्यातला. घरी शेती, हळद, सोयाबीन. वय अठ्ठावीस. पाठीमागून कुणीतरी येऊन गळ्यात दोरी टाकणार, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. भरती झाला त्या दिवशी एका अटेंडंटनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि मारोतीच्या कोपराने त्याचा ओठ फुटला. फीत लागली.

औषध लवकर लागू पडलं. चौथ्या दिवशी तो भाकरी मागून खात होता, नाव-गाव नीट सांगत होता. तीन दिवस राहिले होते.

त्या दिवशी दुपारी त्याचा थोरला भाऊ गंगाधर माझ्या टेबलापाशी आला. टोपी हातात.

“ब्रदर, एक अर्ज होता.”

“बोला.”

“आज चारला पाव्हणे येऊन राहिले. बहिणीची सोयरीक जुळत आलीय. पोराचे चुलते हायेत. त्येंच्या कानावर गेलं, मारोती दवाखान्यात हाय म्हणून. म्हणले, एकदा बघून जातो.”

“येऊ द्या की. मारोती आता चांगला बोलतो.”

“बोलतो, हाव. पण ती लाल चिंधी...” तो खाली बघू लागला. “भायेर बाकड्यावर बसलेल्या समद्यांना म्हायत हाय, लाल चिंधी म्हंजे मारणारा. पाव्हणे धा मिन्टं बसले की कोणतरी सांगतंयच. तासाभरासाठी सोडा. भाऊ समजून मागून राहिलो.”

नाही म्हणायला हवं होतं. पाहुण्यांना खाली बोलावून भेट घडवता आली असती. मारोतीला बागेत नेता आलं असतं. हे सगळं मला नंतर सुचलं. गंगाधरनं काही देऊ केलं नव्हतं, मी काही मागितलं नव्हतं. माझ्या घरातही अशीच एक सोयरीक मोडलेली आहे. त्याबद्दल इथे एवढंच.

मी गाठ सोडली. फीत घडी करून अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवली. मारोती खाटेवर मांडी घालून बसला होता. माझ्या हातांकडे बघत होता.

पाहुणे आले. पांढऱ्या टोप्या, हातात डझनभर केळी. मारोतीनं उठून रामराम घातला. एकानं विचारलं, “हळद काढली का औंदा?” मारोती म्हणाला, “काढली, शिजवली. वाळत घालायचं टायमाला मी हिकडं आलो.” दोघं हसले. जाताना जिन्यात एक जण दुसऱ्याला म्हणाला, “चांगलं हाय की पोरगं. लोक खामखा काय बी बोलतेत.” गंगाधर त्यांना बसस्टँडवर सोडायला गेला. जाताना वळून माझ्याकडे पाहून त्यानं हात जोडले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पाच वाजत आले होते. फीत बांधायला मी निघालोच होतो, तेवढ्यात खालून फोन आला. गेटवर जीप आली आहे, पेशंट आवरत नाही, चौघांनी धरलाय. मी धावत निघालो.

फीत खिशात राहिली. नंतर मी मनाला सांगत आलो की गडबडीत विसरलो. ते खरं नाही. जिन्यात मला आठवली होती. उजवा हात खिशाला लागला, कापड लागलं. वाटलं, पाच मिनिटांत तर वर येतो.

पाच मिनिटांची वीस झाली.

सव्वापाचला प्रयाग मावशी किटली घेऊन वॉर्डात आल्या. मारोती खिडकीशी उभा होता, दाराकडे पाठ. मावशींनी खाटेचा पायथा बघितला. फीत नाही. म्हणजे पोरगं सुटलं. त्यांना आनंदच झाला असणार. त्या मागून गेल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाबा, चहा घे.”

स्टुलावर स्टीलचा तांब्या होता. मारोतीनं वळून तो दोनदा मारला. एक फटका कानावर बसला, दुसरा आडव्या धरलेल्या मनगटावर.

मी आरडाओरडा ऐकून वर आलो. कुणी मारोतीला धरलं होतं, कुणी मावशींना. खाटेच्या पायथ्याशी कुणाचंच लक्ष नव्हतं. मला आधी मावशींकडे जायला हवं होतं, निदान इंजेक्शनच्या ट्रेकडे. मी खाटेकडे गेलो. खिशातून फीत काढली, बांधली. मग इंजेक्शन भरलं. हात थरथरले नाहीत. ते मला आजही आवडत नाही.

त्यानंतर मावशी म्हणाल्या, फीत नव्हती. आणि सगळ्यांनी पाहिलं, तर होती.

मावशींचं मनगट मोडलं होतं, ते जुळलं. डावा कान गेला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता यातून ऐकू येणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. डॉक्टर, मॅनेजर आणि मी. डॉक्टर माणूस वाईट नाही. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी साठ-सत्तर पेशंट तपासले होते आणि त्यांना हे लवकर संपवायचं होतं.

“फाइलमध्ये सूचना आहे?”

“आहे, सर.”

“फीत होती?”

“होती, सर.”

“मग बाई एकटीच का गेली?”

मॅनेजर म्हणाले, “वय झालंय सर. नजर कमी झाली असेल.”

“डोळे तपासून घ्या त्यांचे,” डॉक्टर म्हणाले. “खर्च आपण करू. आणि पोलीस वगैरे नको. आजारी माणसावर काय केस करायची?”

शेवटचं बरोबरच होतं. मारोतीचा काय गुन्हा? पण त्यामुळे गुन्हा मावशींच्या वाट्याला आला. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना लहानसा नंबर निघाला. त्या वयात कुणाला निघत नाही? पण चष्मा लागला म्हटल्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी गंगाधर आला. सोयरीक पक्की झाली होती. त्यानं मारोतीच्या खाटेकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं पेढ्यांचा पुडा पुढे केला. मी एक घेतला.

मग मॅनेजरांनी मावशींचा लेखी खुलासा मागितला. मावशी प्लॅस्टरमधला हात घेऊन माझ्याकडेच आल्या.

“ब्रदर, तुमीच लिवा. दुसरं कोण हाय मला?”

मी लिहिलं. ‘खाटेला फीत असताना नजरचुकीने मी एकटी गेले.’ उजव्या कानाशी वाचून दाखवलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला.

“मला तर दिसली न्हाई. तुमी सांगा, होती का?”

“होती, मावशी.”

“मंग असंल. तुमी कशाला खोटं बोलताल.”

त्यांनी अंगठा लावला. डावा. उजवा प्लॅस्टरमध्ये होता.

तीन महिन्यांनी त्या कामावर आल्या तेव्हा मॅनेजरांनी गोड बोलून सांगितलं की, कान नाही, नजर कमी, वॉर्डात आता कसं जमणार? त्या मुलाकडे शिरूर अनंतपाळला निघून गेल्या. वॉर्डात त्यांचं नाव मागे राहिलं. नवीन अटेंडंट आला की त्याला सांगितलं जायचं, “फीत नीट बघ, प्रयाग मावशीसारखं करू नको.” हे सांगायचं काम इनचार्जचं. म्हणजे माझं.

अशी चार वर्षं गेली.

यंदा उन्हाळ्यात मारोती ओपीडीत आला. दर दोन महिन्यांनी येतो, गोळ्या नियमित घेतो. अंगानं भरलाय. ठिबकच्या नळ्या बसवायची कामं घेतो. त्या दिवशी मला एकट्याला गाठून त्यानं विचारलं, “ब्रदर, त्या चहावाल्या मावशी कुठं असतेत?”

“का रे?”

“माफी मागायची हाय. लई दिवसांपासून डोक्यात हाय. मला ती बाई म्हणून दिसलीच न्हाई तव्हा.”

“तू आजारी होतास.”

“हाव. पण तिला तर कोणी सांगितलंच न्हाई ना मी आजारी हाय म्हणून.” तो माझ्याकडे सरळ बघत होता. “तुमी फीत सोडली तव्हा मी बघून राहिलो होतो. मला वाटलं, सुटलो. बरा झालो. मंग पुन्हा बांधली तीबी बघितली. मला धरलं होतं, पर डोळे उघडे होते माझे.”

“कुणाला बोलला नाहीस?”

“बोललो की. डॉक्टर साहेबाला बोललो. त्येंनी गोळी वाढवली.”

तो हसला. मी नाही हसलो. तो गेल्यावर रेकॉर्डरूममधून जुनी फाइल काढली. डॉक्टरांच्या अक्षरात इंग्रजीत ओळ होती: पेशंट म्हणतो, फीत घटनेनंतर बांधली. संशय वाढलेला. डोस वाढवावा. आणि त्याखाली, वाढीव डोस दिला म्हणून माझी सही.

खरं बोलणारी दोनच माणसं होती. एकीला आम्ही चष्मा दिला, दुसऱ्याची गोळी वाढवली.

पुढच्या रजेला मी लातूरची एसटी धरली, तिथून शिरूर अनंतपाळ. मावशींचं घर सापडायला वेळ लागला नाही. त्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. चष्मा लावलेला. मला ओळखून इतक्या खूश झाल्या की परत फिरावंसं वाटलं. मी शेजारी बसलो तर म्हणाल्या, “तिकडं नका बसू, तिकडचं दुकान बंद हाय. हिकडं या.”

मी उजवीकडे बसलो. सुनेनं पाणी दिलं. चहा येण्याआधीच सांगून टाकलं. सोयरीक, खिसा, जिना, गाठ. सगळं.

मावशींच्या हातातली तूर सुपात पडली.

“म्हंजे नव्हती.”

“नव्हती, मावशी.”

“नव्हती म्हंजे नव्हतीच.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “ऐकलं का? नव्हती म्हणतेत.”

सून मला म्हणाली, “चार वर्षं झाली, आत्या एकट्या रोड ओलांडत न्हाईत. म्हणतेत, मला दिसत न्हाई, दवाखान्यातच ठरलं तसं. तांदूळ निवडले तरी मला पुन्हा बघायला लावतेत.”

मी म्हणालो, “माफ करा म्हणायला तोंड नाही मला.”

“मंग नका म्हणू,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “कान त्या पोरानं घेतला. त्येचा काय राग धरायचा, ते त्येच्या ताब्यात नव्हतं. तुमी तर शाणे होते. मी तुमाला इचारलं होतं, ब्रदर. तोंडावर इचारलं होतं.”

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “कागद लिवा. जसं घडलं तसं.”

सुनेनं वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं. वाचून दाखवायला लागलो तर मावशींनी हात आडवा केला. “तुमी नका वाचू. ही दहावी शिकलीय.” सुनेनं मोठ्यानं वाचलं. एका ठिकाणी मी ‘अनवधानाने’ लिहिलं होतं. मावशींनी अर्थ विचारला. सून म्हणाली, “ध्यानात नव्हतं म्हणून.” मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या. मी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला.

सही करायला खाली वाकलो तर म्हणाल्या, “सही तर तुमी रोजच करता. अंगठा लावा.”

सुनेनं पेनाची शाई माझ्या डाव्या अंगठ्यावर चोळली. मी लावला.

तो कागद मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

“चार वर्षांनी, ब्रदर?”

“हो, सर.”

“कशाला?”

“मारोतीनं विचारलं, सर. तुम्हालाही त्यानं सांगितलं होतं.”

त्यांनी फाइल मागवली. स्वतःच्या जुन्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. मग तिच्याखाली लिहिलं: पेशंटचे म्हणणे खरे होते. तारीख घातली, सही केली. मला बाहेर जायला सांगितलं.

माझं इनचार्जपद गेलं. ते जायलाच हवं होतं. आता मी साध्या ड्यूटीवर आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान सिस्टर मला रोस्टर देते. दवाखान्यानं मावशींना पत्र पाठवलं, त्यांची चूक नव्हती म्हणून. कामावरही बोलावलं. त्या आल्या नाहीत. सुनेनं फोनवर सांगितलं की ते पत्र त्यांनी शेजारपाजारच्या तिघींकडून वाचून घेतलं, आणि आता रोड एकट्याच ओलांडतात. मारोती त्यांच्याकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

फितीचा नियम बदलला आहे. बांधताना आणि सोडताना इनचार्जसोबत वॉर्डातल्या एका मावशीनं खाटेपाशी उभं राहायचं. नवीन लोकांना वाटतं, केवढी ही कटकट. कटकट काही नाही. त्या दिवशी नियम नव्हता, तरी मी जिन्यातून वर तोंड करून ओरडलो असतो तर भागलं असतं: मावशी, मारोतीची फीत सोडलेली आहे.

पाच शब्द होतात. मी मोजलेत.